एका बोटाला एक फेरी

आमच्या खानावळीत घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नसे. ते भिंतीवर आपलं आपलं चालायचं. सकाळी तळ्यावरून धुकं आत आलं की त्याची काच पांढरी व्हायची आणि मग ते चालतंय की थांबलंय हेही कळायचं नाही. आमची वेळ बाबांच्या पायात होती आणि माप त्यांच्या बोटात.

खानावळ म्हणजे काय, तळ्याकाठची एक लांबट खोली. आत सहा बाकं, मागे पडवी, पडवीत विटांची चूल. पदार्थ एकच, फळीवर भाजलेला मासा. दुसरं काही हवं असेल तर दुसरीकडे जावं, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. बाबा असं कधी बोलले नाहीत. ते नुसते हसायचे आणि फळी पुढे सरकवायचे, म्हणून गावाने त्यांना फळीवाले म्हटलं. मला शाळेत पोरं नुसतं फळी म्हणायची, कारण मी तेव्हा तशीच होते, पुढून मागून सारखी.

फळ्या आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीत घालायच्या, वर दगड ठेवायचा, नाहीतर त्या तरंगतात आणि अर्ध्या कोरड्या राहतात. लाकूड डिंक सुटणारं नको, त्याचा धूर कडू. सकाळी फळी पुसून निखाऱ्यावर ठेवायची. ती आधी कुरकुरते, मग तडतडते, मग तिच्या कडेतून धुराची बारीक रेघ निघते. ती रेघ निघाली की फळी उलटायची, भाजलेल्या बाजूला तेलाचा हात फिरवायचा, मासा कातडीवर आडवा ठेवायचा, शेपटीचा पातळ भाग खाली दुमडायचा आणि वरून झाकण. त्यानंतर मासा उलटायचा नाही, टोचायचा नाही, झाकण उचलून डोकवायचं नाही. मग तो झाला हे कळायचं कसं? तर झाकण घालायच्या आधीच ते ठरवलेलं असायचं.

मी सहा वर्षांची असताना बाबांनी मला ते सांगितलं. मी त्यांना विचारलं होतं, की हा मासा माझ्याएवढा लांब आहे, मग याला दिवसभर लागेल का.

“लांबी बघू नकोस,” बाबा म्हणाले. “आगीला लांबीशी काही देणंघेणं नाही. ती जाडीतून चालते. बाहेरून निघायचं आणि मध्यावर पोचायचं, एवढीच तिची वाट. म्हणून जिथे मासा सगळ्यात जाड, तिथे मोजायचं.”

आणि ते मोजायचे. उजव्या हाताचं मधलं बोट माशाच्या पाठीशी फळीवर आडवं लावायचे. त्या बोटात आईने कधीकाळी घातलेली तांब्याची अंगठी होती, ती फळीवर टेकली की टक् करून वाजायची. मग त्यावर दुसरं बोट, लागलं तर तिसरं, सगळं त्या मधल्याच बोटाच्या हिशेबाने. एका बोटाला एक फेरी. फेरी म्हणजे चुलीपासून काठाकाठाने नावा बांधायच्या शेवटच्या खांबापर्यंत जायचं, खांबाला हात लावायचा आणि परत यायचं. दोन बोटांना दोन फेऱ्या आणि वर तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंत. तीन बोटांना मात्र चार.

“तिनाला तीन का नाहीत?” मी भांडायलाच उठले होते. हिशेबात कुणी फसवलेलं मला तेव्हापासून खपत नाही.

“आग आत जाता जाता दमते गं,” बाबा म्हणाले. “पहिलं बोट ती उड्या मारत जाते. दुसरं चालत जाते. तिसऱ्याला तिला मध्येच बसावंसं वाटतं.”

मला ती आग दिसली. लालसर फ्रॉक घातलेली, माझ्याच वयाची, माशाच्या आत पांढऱ्या पायऱ्यांवर गाल फुगवून बसलेली. आजही झाकण घातलं की ती मला दिसते आणि मी मनात म्हणते, उठ बाई, थोडंच राहिलंय.

फेरीला मी बाबांचं तेच मधलं बोट धरून जायची. बाबांची चाल वेगळी होती. उजवा पाय लांब पडायचा आणि डावा त्याच्यामागून जरा लगबगीने यायचा, काहीतरी विसरलं आणि आठवलं असावं तसा. त्या बोटाला लटकून चालता चालता माझीही चाल तशीच झाली. आई कपाळाला हात लावायची. “नाक बापाचं घेतलंस, ते घेतलंस. चाल तरी माझी घ्यायची होतीस!” दादाने आईची घेतली. तो सरळ, एका मापात चालतो, आणि आयुष्यही तसंच जगतो.

तर मागच्या वर्षी बाबांच्या छातीने दगा दिला. तीन महिने दवाखाना, पुढे चार महिने दादाकडे शहरात. चूल माझ्यावर आली. माझं मधलं बोट बारीक, त्या मापाने पहिले चार मासे असे वाळले की फळी आणि मासा यांत फरक सांगता येईना. मग मी अंगठा लावायला लागले. कुणी शिकवलं नव्हतं, चुकत चुकत हात बसला. बाबा परत आले त्या दिवशी मी त्यांच्या हातात चिमटा दिला, पदर खोचला आणि वाढायला पुढे गेले. त्यांच्या चुलीपाशी त्यांच्या देखत मी कशाला उभी राहू?

आणि मासा बिघडायला लागला.

एकदम नाही. आधी कडा कोरड्या व्हायला लागल्या. मग पाठीचा भाग दोऱ्यादोऱ्यांनी सुटायला लागला. आमच्याकडे दर बुधवारी एक छत्र्या दुरुस्त करणारे गृहस्थ येतात, गेली वीस वर्षं येतात. त्यांना सगळे छत्रीवालेच म्हणतात. ते खाताना माशाशी बोलल्यासारखे पुटपुटत असतात. त्या बुधवारी ते गप्प होते. दोनदा पाणी मागितलं.

“काय हो, आज बोलणं नाही?” मी विचारलं.

“मी बोलतोय,” ते हळूच म्हणाले, “तोच उत्तर देत नाही.”

मी ताट उचलून पडवीत गेले. बाबा नुकतेच फेरीवरून आले होते, दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मी ताट त्यांच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, “बाबा, हात गेला तुमचा.”

आत सहाही बाकांवर माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. माझ्या जिभेला हाड नाही हे गावाला माहीत आहे, पण बाबांवर ती कधी चालली नव्हती. बाबांनी ताटातला मासा दोन बोटांत धरून मोडला, बघितला, परत ठेवला. मग हात पुसले, अंगावरचं फडकं काढून खुंटीला लावलं आणि आत जाऊन दादाला फोन केला. “रविवारी गाडी घेऊन ये,” असं म्हणाले. “मी तिकडेच राहतो आता.”

माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. मला म्हणाले, “तू करतेसच की छान. चुलीला दोन माणसं कशाला?”

दादाच्या घरी सातवा मजला. खिडकी उघडत नाही. स्वयंपाकघराच्या छताला एक यंत्र बसवलंय, जरासा धूर झाला की ते कोकलतं. चार महिने बाबा तिथे खिडकीशी बसून तळं शोधत होते, असं वहिनीनेच मला सांगितलं होतं. तिथे गेले तर बाबा जगतील, खातील, पितील. पण फळीवाले राहणार नाहीत. आणि त्यांना तिथे धाडणारी मी. त्या रात्री मी स्वतःच्या नावाने बोटं मोडली आणि सकाळी उठून ठरवलं, की बिघाड कुठे आहे ते शोधायचं. चाळीस वर्षं मुकाट चाललेला हात असा उगाच जात नसतो.

शुक्रवारी मी गिऱ्हाइकं सोडून बाबांच्या मागे मागे गेले. धुकं अजून पाण्यावर होतं. काठाची वाट, बांधलेल्या नावा, पलीकडची झाडं, सगळं अर्धं पुसलेलं. बाबा पुढे चालले होते आणि त्या पांढऱ्यात त्यांचा सदरा मिसळून गेला होता, त्यामुळे कधी डोकं दिसे, कधी दोन पाय. वाटेच्या मध्यावर एक पालथी नाव आहे. तिथे ते बसले. श्वास घेतला. पाण्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण त्या धुक्यात वेळ असतो असं वाटतच नाही. मग ते उठले, खांबापर्यंत गेले, त्याला हात लावला आणि परत येताना पुन्हा त्याच नावेवर बसले. इकडे पडवीत झाकणाच्या कडेतून धूर वर चालला होता.

फेरी लांबली होती! एवढी साधी गोष्ट. मला इतका आनंद झाला, की स्वर्ग दोन बोटं उरला. मी धावत घरी आले, भिंतीवरचं घड्याळ काढलं, काच पदराने पुसली आणि चुलीशेजारी ठेवलं.

“हे काय?” बाबांनी विचारलं.

“फेरीऐवजी. तुम्ही बसा इथे. पाय दमलेत तुमचे, हात नाही गेला.”

“माझी फेरी किती मिनिटांची?”

हे कुणालाच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत कुणी मोजलीच नव्हती. मग मी स्वतः एक फेरी मारली, माझ्या नेहमीच्या पायांनी. साडेबारा मिनिटं. बाबांनी मान हलवली, मासा फळीवर ठेवला, बोट लावलं. टक्. दोन बोटं आणि वर अर्धं बोट. अडीच बोटांना तीन फेऱ्या, म्हणजे साडेसदतीस मिनिटं. आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. झाकण काढलं. मासा बुधवारपेक्षा बरा होता, एवढंच. पण मधला भाग चावताना दातांना कळत होता.

बाबांनी घड्याळ उचलून माझ्या हातात दिलं. “बघ,” ते म्हणाले. “पाय नव्हते. हातच.”

मी केलं होतं ते चांगल्यासाठीच, पण झालं उलटंच. आतापर्यंत थोडा दोष पायांवर तरी टाकता येत होता. आता सगळा हातावर आला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

शनिवारी दुपारी बाबांनी रविवारच्या फळ्या भिजत घालायला घेतल्या. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाले, “शेवटच्या आहेत, मी घालतो.” ते टाकीवर वाकून एकेक फळी पाण्यात दाबत होते, मी दगड घेऊन उभी होते. पाण्यात आभाळ होतं, फळ्या त्यावरून सरकत होत्या. तेवढ्यात बाबांनी हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

“काय झालं?”

“अंगठी गेली.”

मी बाही सारली आणि खांद्यापर्यंत हात टाकीत घातला. तळाशी लाकडाचा गाळ होता, मऊ. बोटांना आधी भुसा लागला, मग एक गुळगुळीत ढलपी, मग अंगठी. वर काढली तर ती अंगठी वाटेचना. आतून पांढऱ्या दोऱ्याचे वेढेच वेढे होते, ओले होऊन फुगलेले.

“हा दोरा कधी गुंडाळलात?”

“दवाखान्यातल्या नर्सबाईंनी थोडा. निसटायची ना. मग दादाकडे मी थोडा. इथे आल्यावर परत थोडा.”

मी दोरा सोडवायला लागले. तो संपेचना. हाताला, मनगटाला गुंडाळत गेले, तरी येतच होता. शेवटी नुसतं तांबं उरलं. हात ओला होता, परत पाण्यात पडू नये म्हणून मी ती माझ्या अंगठ्यात सरकवली.

ती बसली. घट्ट नाही, सैल नाही. जो अंगठा मी सात महिने माशाला लावत होते, त्यात ती मापानं बसली.

मी तशीच उभी राहिले. मग बाबांचा हात ओढून घेतला आणि बघितला. खरं सांगते, ते परत आल्यापासून मी त्यांचा हात बघितलाच नव्हता. मासे बघत होते, ताटं बघत होते. ज्या बोटाला मी लटकायची ते बोट पेरांशी तेवढं होतं, मधे नुसतं कातडं. टक् वाजायचं ते अंगठीचं. त्याच्या मागे बोटच उरलं नव्हतं.

मला रडू आलं आणि रागही आला. मला नेहमी दोन्ही एकदमच येतं.

“तुमचं बोट बारीक झालंय!” मी ओरडलेच. “जुन्या मापानं मासा दोन बोटं असतो, तो तुम्हाला अडीच वाटतो. अर्ध्या बोटाची आग उगाच जास्त देताय तुम्ही त्याला!”

बाबा हसले. “बोट बारीक होतं होय? बोट ते बोट. मापाला कुठे दुखणी होतात?”

“मापाला नाही, तुम्हाला झालं ना!”

बाबांनी हात परत घेतला, पाठीमागे नेला, लहान मूल काहीतरी लपवतं तसा. मग म्हणाले, “उद्या एक मासा बघू. तुझ्या मापानं. चुकला, तर मी गाडीत बसतो आणि तू तोंड उघडायचं नाहीस. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. तोंड न उघडण्याचं वचन मी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं होतं.

रविवारी दादा नऊ वाजता आला. गाडी दारात, बाबांची पिशवी उचलून मागच्या सीटवर ठेवलीसुद्धा. एका मापातला माणूस. “लवकर निघालेलं बरं,” तो म्हणाला, पण मी त्याला बाकावर बसवलं आणि म्हटलं, जेवल्याशिवाय इथून कुणी जात नाही. छत्रीवालेही आले होते, बुधवार नसताना. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. कोपऱ्यात एक मोडकी छत्री मांडीवर घेऊन बसले आणि काड्या मोजल्यासारखं करायला लागले.

जाळेवाल्या बाईने त्या दिवशी नेमका मोठा मासा आणला, पाठ अशी भरलेली की कापायला सुरी तिरकी धरावी लागली. बाबांनी फळी निखाऱ्यावर ठेवली. ती कुरकुरली, तडतडली, धुराची रेघ निघाली. फळी उलटली, तेल, मीठ, मासा, शेपटी खाली. त्यांनी सवयीने बोट लावलं. आज टक् झालं नाही, अंगठी माझ्याकडे होती.

“चार,” बाबा म्हणाले. “जवळजवळ चार बोटं. अशाला तर सहा फेऱ्या लागतील.”

मी अंगठ्यातली अंगठी काढली आणि माशाच्या पाठीशी फळीवर उभी केली. नखाने खूण केली. वर परत उभी केली. परत खूण. तिसऱ्यांदा उभी केली तेव्हा अंगठीचा वरचा काठ आणि माशाची पाठ एका रेषेत आले.

“तीन,” मी म्हटलं.

बाबा खाली वाकून बघत राहिले. आधी अंगठीकडे, मग स्वतःच्या बोटाकडे. त्यांनी अंगठी उचलली आणि बोटात घातली. ती पेरावरून घसरून थेट मुळाशी गेली आणि तिथे फिरत राहिली. त्यांनी ती एकदा फिरवली. दोनदा फिरवली.

“म्हणजे मी चुकत नव्हतो,” ते म्हणाले.

“नव्हता.”

“मीच कमी झालो.”

मी मान हलवली. बाबांनी अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली, झाकण घातलं आणि चुलीसमोरच्या पाटावर बसले. “तीन बोटांना चार फेऱ्या,” ते म्हणाले. “तू चाल. माझ्या पायांत आता ती फेरी नाही.”

“घड्याळ आहे की,” दादा आतून म्हणाला.

“घड्याळाला खांबापर्यंत कुठे जाता येतं,” बाबा म्हणाले.

मी निघाले. पहिली फेरी मला आठवत नाही, नुसती भीती होती. उलट्या नावेपाशी पोचले तेव्हा लक्षात आलं, की मी घाई करतेय. घाईच्या फेरीत मासा कच्चा राहील. मग मी हात खाली सोडला आणि बोटं अर्धवट मिटली, मधे काहीतरी धरल्यासारखी, आणि पाय आपोआप ठिकाणावर आले. उजवा लांब, डावा मागून लगबगीने. खांबाला हात लावून परतले तर पडवीतून दादा ओरडला, “तू अजून तश्शीच चालतेस गं!” आणि बाबा त्याला म्हणाले, “गप. मोजू दे तिला.”

दुसऱ्या फेरीला ऊन मऊ होतं आणि धुकं पाण्यावरून उठून वाटेवर आलं होतं. मी त्याच्यातून चालत होते. नावा दोरीला हलके ओढ देत होत्या. माशाच्या आत ती लाल फ्रॉकवाली दुसऱ्या बोटात शिरली असेल, पळणं सोडून चालायला लागली असेल. आम्ही दोघी सोबतच होतो. तिसऱ्या फेरीला मला वाटलं कुणीतरी माझं बोट धरलंय, किंवा मी कुणाचं तरी. मी खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर सुटलं असतं.

चौथ्या फेरीला मी खांबाला हात लावला आणि मागे वळले. धुकं फाटलं होतं. दूर पडवी दिसत होती, चुलीचा धूर, आणि पाटावर बसलेले बाबा. इवलेसे. मी अंगठी डोळ्यासमोर धरली. आख्खे बाबा तिच्यात मावले, पाटासकट, वर जागा उरली. मला तिथेच थांबावंसं वाटलं. मी गेलेच नाही तर फेरी संपणार नाही, झाकण उघडणार नाही, गाडी निघणार नाही, बाबा तिथे तसेच बसून राहतील. पण माझं डोकं फिरलं तरी पाय बाबांचे आहेत. त्यांना ठाऊक होतं मासा कुठवर आलाय. ते निघाले.

मी चुलीपाशी पोचले आणि बाबांनी झाकण उचललं.

त्यांनी सुरीचं टोक पाठीच्या जाड भागात घातलं आणि जरासं फिरवलं. मांस पाकळीपाकळीने सुटलं. आत मध्यावर काचेसारखी चमक होती, ती आम्ही बघत असतानाच विझून पांढरी झाली. बाबांनी डोळे पुसले. धुराने असेल, मी विचारलं नाही.

मी दादाला वाढलं. त्याने पहिला घास घेतला, थांबला, मग दुसरा घेतला, मग ताट संपेपर्यंत वर बघितलं नाही. कोपऱ्यातून पुटपुटणं ऐकू आलं. छत्रीवाले बोलत होते आणि मधेच हसतही होते, म्हणजे उत्तर मिळत असणार. दादा उठला, हात धुतले, गाडीपाशी गेला आणि पिशवी घेऊन परत आला. खुंटीवरच्या फडक्याखाली त्याने ती ठेवली.

“पिशवीला धुराचा वास येतोय,” तो म्हणाला. “आमच्याकडचं ते यंत्र कोकलत बसेल.”

एवढा विनोद त्याने आयुष्यात पहिल्यांदा केला असेल. मी त्याला आणखी एक तुकडा वाढला.

तो गेल्यावर मी अंगठी बाबांपुढे धरली. कोरडा दोरा आणून ठेवला होता, म्हटलं गुंडाळून देते. बाबांनी माझी मूठ मिटवली.

“तुझ्याच अंगठ्यात राहू दे. माझं बोट अजून बारीक होणार आहे, बाळ. माप एका ठिकाणी राहिलेलं बरं.”

मला यावर भांडायचं होतं. असं काही होणार नाही, खाल-प्याल, भराल, असं सगळं म्हणायचं होतं. पण हिशेबात फसवणं मला खपत नाही, दुसऱ्याने केलेलं नाही आणि मी केलेलंही नाही. मी अंगठी घातली.

बाबांनी निखारे पसरले, उरलेली फळी भिंतीला टेकवून वाळत ठेवली आणि पाटावरून उठले.

“चल,” ते म्हणाले, “एक फेरी मारू.”

“आता कशाला? चुलीवर काही नाही.”

“म्हणूनच,” बाबा म्हणाले.

त्यांनी माझा अंगठा धरला, अंगठीच्या वर, आणि आम्ही काठाने निघालो. उजवा पाय लांब, डावा मागून. पालथ्या नावेपर्यंत जायलाच खूप वेळ लागला. तिथे आम्ही बसलो. पाणी बघत किती वेळ बसलो ते कुणी मोजलं नाही, कारण त्या फेरीला फळीवर काहीच नव्हतं आणि ती कितीही लांबली असती तरी काही करपणार नव्हतं.